युवराज, प्लॅटिनम आणि आपली लाज

पंधरा ते पस्तीस या वयातल्या मुलांना गाठणारा एक कॅन्सर आहे. तो दुर्मीळ आहे आणि वेळेत दाखवला तर बहुतेक वेळा पूर्ण बराही होतो. पण दाखवायचा कसा, हाच प्रश्न असतो.

२००९ मध्ये धुळ्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ यूरॉलॉजीमध्ये एका पेशंटच्या एकाच किडनीतून १,७२,१५५ खडे काढले गेले. आकडा चुकून छापलेला नाही. एक लाख बाहत्तर हजार एकशे पंचावन्न! गिनीज बुकात त्याची नोंद झाली, पेपरांत बातम्या आल्या, लोकांनी चवीने वाचल्या. मुतखडा हा आपल्याकडे चारचौघांत खुशाल बोलायचा आजार आहे. कोणाच्या काकांना कुळथाचं पाणी लागू पडलं, कोणाच्या मामांनी पानफुटीची पानं खाल्ली, यावर लग्नाच्या पंगतीतही चर्चा रंगते.

त्याच यूरॉलॉजीच्या ओपीडीत, त्याच बाकड्यावर कधीतरी एखादा विशीतला मुलगा बसलेला असतो. तो मात्र आपण कशासाठी आलोय ते शेजारच्याला सांगत नाही. बरेचदा घरीही सांगितलेलं नसतं. त्याला गाठ लागलेली असते ती वृषणात.

शब्द वाचून अवघडल्यासारखं झालं? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो होता की! पण ज्या दिवशी तो धडा आला, त्या दिवशी एकतर ‘हा भाग घरी वाचून या’ असं सांगितलं गेलं असेल, नाहीतर मागच्या बाकावर खसखस पिकली असेल. तिथून जो विषय बंद झाला तो झालाच. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू. सुरुवात एका अशा माणसापासून, जो तुम्हाला नक्की माहीत आहे.

पुण्याचा कॅप्टन

२०११ चा वर्ल्ड कप. युवराज सिंगने ३६२ रन्स काढल्या, १५ विकेट्स घेतल्या आणि ‘प्लेअर ऑफ द टूर्नामेंट’ ठरला. चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध शतक ठोकताना त्याला मैदानातच उलट्या होत होत्या. खोकला होता, दम लागत होता. उन्हाचा त्रास असेल, दगदगीचा असेल, असं सगळ्यांना वाटलं. वर्ल्ड कप संपल्यावर लगेच आयपीएल सुरू झाली आणि युवराज पुणे वॉरियर्सचा कॅप्टन म्हणून उतरला. आपल्या शहराच्या नावाची जर्सी घालून तो टॉसला जात होता, तेव्हा त्याच्या छातीत दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत एक गाठ वाढत होती.

वर्ष संपता संपता गाठीची बातमी बाहेर आली. सुरुवातीला ती साधी गाठ असल्याचं सांगितलं गेलं. २०१२ च्या सुरुवातीला खरं निदान कळलं: मेडियास्टायनल सेमिनोमा. तो अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला, किमोथेरपीच्या तीन सायकल्स घेतल्या आणि एप्रिलमध्ये टक्कल पडलेल्या डोक्याने भारतात परतला. त्या वर्षी पुणे वॉरियर्सचं नेतृत्व सौरव गांगुलीने केलं. ११ सप्टेंबर २०१२ ला युवराज पुन्हा भारताकडून खेळला, तेही चेन्नईतच, न्यूझीलंडविरुद्ध. मॅच एका रनने गेली, पण त्या दिवशी स्कोअरबोर्डकडे कोण बघत होतं!

आता प्रश्न असा की गाठ छातीत होती, तर आपण ओपीडीतल्या त्या मुलाबद्दल का बोलतोय? कारण ‘सेमिनोमा’ हा मुळात वृषणात होणारा कॅन्सर. युवराजच्या बाबतीत तो छातीत सापडला, आणि म्हणूनच ती केस दुर्मीळ.

छातीत कसा पोचला?

आईच्या पोटात बाळ अगदी काही आठवड्यांचं असतं, तेव्हा ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू किंवा बीजांडं तयार होणार असतात, त्या भलत्याच ठिकाणी असतात. तिथून त्या शरीराच्या मध्यरेषेवरून प्रवास करत आपल्या जागी पोचतात. या प्रवासात काही पेशी वाटेतच अडकून राहतात, असं डॉक्टर मानतात. बहुतेकांच्या बाबतीत त्यातून काहीच होत नाही. फार थोड्या लोकांमध्ये वीस-पंचवीस वर्षांनी त्यांची गाठ होते. म्हणून हे ट्यूमर वृषणाशिवाय छातीत, पोटाच्या मागच्या भागात, क्वचित मेंदूतही सापडतात आणि बहुतेक वेळा मध्यरेषेवरच.

वृषणाचीही अशीच गोष्ट आहे. ते तयार होतं पोटात, किडनीच्या शेजारी, आणि जन्माच्या आसपास खाली उतरतं. त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या मात्र अजूनही वर किडनीजवळच जोडलेल्या असतात. त्यामुळे हा कॅन्सर पसरायला लागला की पहिला मुक्काम जांघेत नसतो, तो पोटात पाठीच्या कण्याजवळ असतो. एखादा मुलगा महिनोन् महिने पाठदुखीवर बाम चोळत राहतो आणि मूळ दुखणं भलतीकडेच असतं, ते यामुळे.

काही मुलांचं वृषण खाली उतरतच नाही. लहानपणीच, साधारण दीड वर्षाच्या आत छोटं ऑपरेशन करून ते खाली आणायचं असतं. ते राहून गेलं तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. पोटातच राहिलेल्या वृषणाची भलीमोठी गाठ झाली, अशा केसेस भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी लिहिल्या आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या पुरुषाच्या पोटात गर्भाशय सापडलं, अशाही केसेस आहेत! त्यामागे बाळ पोटात असतानाच हॉर्मोनच्या कामात राहिलेली एक गडबड असते. आपल्यासाठी या ‘व्हायरल’ होण्यासारख्या गोष्टी. डॉक्टरांसाठी मात्र त्यांचा उपयोग वेगळा आहे. हजार पेशंट कधीच एका ठिकाणी जमणार नाहीत अशा आजारात एकेक केस नीट लिहून ठेवणं, हाच ज्ञान साठवण्याचा मार्ग असतो. पेशंटची परवानगी घेऊन, त्याचं नाव न छापता दोन-तीन पानांचा ‘केस रिपोर्ट’ लिहिला जातो. मेडिकलला असलेल्या तुमच्या मित्रमैत्रिणींना विचारा, पीजी करताना बरेच जण पहिलं काही लिहितात ते हेच.

बॅक्टेरिया लांब का झाले?

युवराजला वाचवणाऱ्या औषधाची गोष्ट कॅन्सरपासून सुरूच होत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ बॅक्टेरियांमधून वीज सोडली तर काय होतं ते बघत होते. बॅक्टेरियांची संख्या वाढायची थांबली. ते विभागले जाईनात, नुसतेच शेवयांसारखे लांब होत गेले, नेहमीच्या तीनशे पटीपर्यंत. आधी वाटलं, विजेचा परिणाम. मग लक्षात आलं की वीज निर्दोष आहे. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, त्यातलं प्लॅटिनम द्रावणात उतरून एक संयुग तयार झालं होतं आणि तेच पेशींचं विभाजन रोखत होतं.

ते संयुग नवीन नव्हतं. मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते १८४५ मध्येच तयार केलं होतं. शंभराहून जास्त वर्षं ते पुस्तकात पडून होतं. पेशींचं बेफाम विभाजन म्हणजेच कॅन्सर. मग हे तिथे वापरलं तर? उंदरांमधल्या ट्यूमरवर ते चाललं. त्या औषधाला आज आपण सिसप्लॅटिन म्हणतो.

पण उंदरांपासून माणसांपर्यंतचा रस्ता लांब असतो. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत उलट्या भयंकर व्हायच्या, किडन्या खराब व्हायच्या. औषध बाजूला पडायच्या बेतात होतं. तेव्हा इंडियाना युनिव्हर्सिटीत डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न नावाचे तिशीतले डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे जॉन क्लेलँड नावाचा एक पेशंट होता. पर्ड्यू युनिव्हर्सिटीत झूलॉजी शिकलेला, विशीतला पोरगा. वृषणाचा कॅन्सर फुप्फुसांपर्यंत पसरलेला, आधीची औषधं निकामी ठरलेली. त्या काळात या अवस्थेतले शंभरातले नव्वदहून जास्त पेशंट दगावायचे. १९७४ मध्ये आइनहॉर्न यांनी त्याला सिसप्लॅटिन आणि जोडीला दोन जुनी औषधं देऊन बघायचं ठरवलं. काही आठवड्यांत गाठी दिसेनाशा झाल्या. क्लेलँड पुढे चाळीसहून जास्त वर्षं जगले आणि शाळेत बायॉलॉजी शिकवत राहिले.

एक पेशंट बरा झाला म्हणजे औषध सिद्ध होत नाही. योगायोगही असू शकतो. म्हणून आइनहॉर्न यांनी तेच उपचार आणखी पेशंट्सना दिले, नोंदी ठेवल्या आणि १९७७ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. साधारण चारातल्या तिघांचा कॅन्सर पूर्ण नाहीसा झाला होता. १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला मान्यता मिळाली. आणि २०१२ मध्ये युवराज ज्या डॉक्टरांकडे उपचारांना गेला, ते हेच आइनहॉर्न!

कमी करत जाण्याचं संशोधन

‘क्लिनिकल ट्रायल’ म्हटलं की आपल्याला ‘आपल्यावर प्रयोग करणार’ असं वाटतं. या आजारातलं पुढचं संशोधन मात्र औषध कमी कसं करता येईल यावरच झालं. कारण सरळ आहे: पेशंट पंचविशीचा आहे, बरा झाला तर अजून पन्नास वर्षं जगणार आहे. त्याचे कान, किडन्या, नसा, फुप्फुसं तेवढी टिकायला हवीत. मग चाचण्या झाल्या. एका औषधाच्या जागी दुसरं कमी त्रासाचं औषध चालेल का? चालतं, हे १९८७ मध्ये दिसलं. आजार फार पसरलेला नसेल तर चार सायकल्सऐवजी तीन पुरतील का? पुरतात. युवराजच्या तीन सायकल्स हे त्या चाचण्यांचंच फळ. गाठ वृषणापुरतीच असेल तर ऑपरेशननंतर किमो न देता नुसतं लक्ष ठेवलं तर? अनेकांना तेवढंच पुरतं.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण बघा. त्याने सूज आलेली असतानाही दुर्लक्ष केलं. १९९६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, खोकल्यातून रक्त पडल्यावर तो डॉक्टरकडे गेला, तेव्हा आजार पोट, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत गेला होता. इंडियानाच्या डॉक्टरांनी त्याच्यासाठी फुप्फुसांना इजा करू शकणारं एक औषध टाळून दुसरं निवडलं. पुढे डोपिंगमुळे त्याची टूर द फ्रान्सची सगळी विजेतेपदं काढून घेतली गेली, तो भाग वेगळा. पण तो वाचला, ते अनेक अनामिक पेशंट्सनी आधी चाचण्यांत भाग घेतला होता म्हणून.

आपल्याकडे आज अशी कोणतीही चाचणी सुरू करण्याआधी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’वर तिची नोंद करावी लागते. हॉस्पिटलच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. पेशंटला त्याच्या भाषेत सगळं समजावून सही घ्यावी लागते आणि तो कधीही ‘मला थांबायचंय’ म्हणू शकतो. ही रजिस्ट्री कोणालाही ऑनलाइन बघता येते. घरात कोणाला ‘ट्रायलमध्ये येता का’ असं विचारलं गेलं, तर घाबरून नाही म्हणण्याआधी किंवा घाईत सही करण्याआधी ती जरूर बघा.

मग अडतं कुठे?

भारतात हा कॅन्सर लाखात एकालाही होत नाही. नॉर्वे, डेन्मार्कमध्ये हे प्रमाण लाखात दहाच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे तो खरंच दुर्मीळ, त्यामुळे हे वाचून रात्रभर जागू नका. वेळेत उपचार मिळाले तर शंभरातले सुमारे पंच्याण्णव बरे होतात. इतकं यश फार थोड्या कॅन्सरमध्ये आहे.

पण ‘वेळेत’ या शब्दावर सगळं अडतं. यातल्या काही प्रकारच्या गाठी महिन्याभरात दुप्पट होऊ शकतात. आणि आपण काय म्हणतो? सबमिशन होऊ दे. सेमिस्टर संपू दे. प्रीलिम होऊ दे.

सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचा विचार करा. गाव दोन-तीनशे किलोमीटर लांब. ओळखीचे फॅमिली डॉक्टर गावाकडे. खोलीत चार जण, बाथरूम एकच, मेसचे पैसे मोजून दिलेले. आंघोळ करताना हाताला काहीतरी कडक लागतं. दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात कोण जातं? शिवाय सांगायचं कोणाला? बाबांना फोनवर? रूममेटला? तो आधी हसेल आणि मग ग्रुपवर टाकेल, ही भीती. इंटरनेटवर शोधलं तर एकतर मरणाची भीती, नाहीतर ‘गुप्तरोगां’ची जाहिरात. यात दोन-तीन महिने सहज जातात.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात आजमावला गेलाय. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि स्त्रियांशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल बोलले. अंगावरून जास्त जाणं, मध्येच रक्त जाणं या तेव्हा घरातही न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी होत्या. काही वर्षांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. त्यामागे कोणतं महागडं मशीन नव्हतं, लोकांशी बोलणं होतं. त्या बायका खेड्यात राहून हे बोलल्या. आपण पुण्यात कॉलेजला आहोत.

काय बघायचं, काय करायचं?

● गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर दोन्ही वृषणं एकेक करून अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघा. एक थोडं मोठं किंवा खाली असणं नॉर्मल आहे. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं, तेही नॉर्मल. आपलं नेहमीचं कसं आहे हे माहीत असलं की बदल कळतो.

● कडक, न दुखणारी गाठ, आकारात फरक, जडपणा, खालच्या पोटात सतत मंद दुखणं किंवा छातीवर स्तनांसारखी सूज, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा पाणी साठलेलं असतं, शिरा फुगलेल्या असतात किंवा इन्फेक्शन असतं. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

● दर महिन्याला ठरवून तपासावं का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये त्रास नसलेल्यांना नियमित तपासणीची गरज नाही असं सांगितलं, कारण आजार दुर्मीळ आहे आणि उगाच भीती वाढते. पण बदल जाणवला तर थांबू नये, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

● अचानक, असह्य दुखायला लागलं, मळमळलं, तर ती वेगळीच इमर्जन्सी असू शकते. वृषणाला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा थांबतो. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर ते वाचण्याची शक्यता चांगली असते. किशोरवयात आणि विशीच्या आत हे जास्त होतं. रात्रीचे तीन वाजले असले तरी रूममेटला उठवा आणि कॅज्युअल्टी गाठा.

● तपासणी साधी आहे. डॉक्टर हाताने बघतात, मग सोनोग्राफी आणि रक्ताच्या काही टेस्ट. त्यातली एक बीटा-एचसीजी. हो, प्रेग्नन्सी टेस्टमध्ये असते तीच! २०१२ मध्ये अमेरिकेत एका तरुणाने गंमत म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली आणि कॅन्सर सापडला. पण मेडिकलमधून किट आणून स्वतःला तपासू नका. अनेक गाठींमध्ये ही टेस्ट निगेटिव्हच येते.

● कॅन्सर निघालाच तर ते वृषण जांघेतून छेद घेऊन काढतात. उरलेलं एक हॉर्मोनसाठी आणि मूल होण्यासाठी बहुतेक वेळा पुरेसं असतं. तरी उपचारांआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. युवराज पुढे सात वर्षं क्रिकेट खेळला, त्याचं लग्न झालं, तो बाबाही झाला.

● खर्चाची काळजी असेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून सुरुवात करता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात.

मुलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. भाऊ असतो, मित्र असतो, बॉयफ्रेंड असतो. त्याने अडखळत काही सांगितलं तर हसू नका, सोबत चला. आणि मुलांनो, रूममेटने सांगितलं तर ते ग्रुपवर टाकायचं नाही, एवढं तरी आजपासून ठरवू.

रोझेनबर्ग यांचे बॅक्टेरिया, क्लेलँड यांचं धाडस, पन्नास वर्षांच्या चाचण्या, हे सगळं करून झालेलं आहे. आपल्या वाट्याला उरलंय ते ओपीडीत डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ विचारल्यावर ‘सर, पोट दुखतंय’ असं खोटं न सांगणं. ‘डॉक्टर, वृषणात गाठ लागतेय.’ चार शब्द आहेत. म्हणून बघा एकदा, मोठ्याने.